दुसऱ्या जुळ्याची वाट

जुळ्यांपैकीं पहिलें मूल सुखरूप जन्मलें, म्हणजे घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रसूति करविणाराची खरी कसोटी मात्र तेव्हांच लागते. गर्भाशयांत अकस्मात् जागा मोकळी होते, आणि डोकें खालीं असलेलें दुसरें मूलही आडवें फिरूं शकतें.

अशा मुलास आंतल्या आंत फिरवून पायाकडून बाहेर काढण्याची युक्ति दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य सोरेनस यास ठाऊक होती. पुढें ती मागें पडली. सोळाव्या शतकांत आंब्र्वाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें तिला पुन्हां चालना दिली. पायाळू मुलाविषयीं आपल्याकडे केवढ्या समजुती! पारेच्या हातीं तो केवळ जीव वाचविण्याचा मार्ग होता. पोट चिरून मूल काढणें त्या काळीं बहुधा मातेच्या प्राणावर बेतत असे. १८८२ सालीं माक्स झेंगर यानें गर्भाशय टाक्यांनीं शिवण्याची पद्धति मांडली, आणि दुसरा मार्ग हळूहळू खुला झाला.

ठरविलेला बेत ऐन वेळीं मोडला म्हणून कित्येक माता स्वतःस दोष देतात. इतिहास मात्र त्यांच्याच बाजूचा आहे. पहिल्या जुळ्याचें डोकें खालीं असलेल्या २,८०४ गर्भवतींची पंचवीस देशांत झालेली पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. नैसर्गिक प्रसूतीचा बेत ज्यांच्या वांट्यास आला, त्यांपैकीं शेंकडा ४३.८ जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली; शस्त्रक्रियेचा बेत असलेल्यांतही शेंकडा ९.३ जणी तिच्यावांचून बाळंत झाल्या. मुलांच्या सुखरूपतेंत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाहीं.