रॉक्सबरीचा धर्मोपदेशक

१८१३ मध्ये मुंबईत येऊन मराठी शिकू लागलेले अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेने पाठवले होते. त्यांच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधी त्याच भूमीवर जॉन एलियट नावाचा प्युरिटन धर्मोपदेशक परक्यांची भाषा शिकायला बसला होता. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याची हकीकत जाणून घ्यावी, असे मला फार दिवस वाटत होते.

एलियट १६०४ चा, इंग्लंडचा, शिक्षण केंब्रिजचे. १६३१ मध्ये तो वसाहतीत आला आणि १६९० मध्ये मृत्यू येईपर्यंत रॉक्सबरीच्या चर्चचा होऊन राहिला. तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा त्याला कोणी शिकवली? पेक्वॉट युद्धात पकडल्या गेलेल्या कॉकेनो नावाच्या तरुणाने. जेत्यांतल्या एकाने कैद्यापुढे शिष्य म्हणून बसावे, असा हा प्रकार! १६४६ पासून एलियट त्या भाषेत प्रवचने देऊ लागला आणि १६६३ मध्ये त्याने केलेले बायबलचे संपूर्ण भाषांतर छापून झाले. ब्रिटिश अमेरिकेत छापलेले पहिले बायबल हेच, इंग्रजीतले नव्हे. छापखान्यात खिळे जुळवायला निपमक जमातीचा जेम्स प्रिंटर होता. नाव राहिले ते एलियटचे.

आता दुसरी बाजू. धर्मांतरितांसाठी एलियटने वेगळी गावे वसवली. १६७४ पर्यंत ती चौदा झाली. तिथे राहायचे तर केस कापायचे, इंग्रजी रीत पाळायची. इतके करूनही १६७५ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा नॅटिकच्या या ख्रिस्ती मूलनिवासींना बोस्टनजवळच्या डीअर बेटावर नेऊन ठेवले. त्या हिवाळ्यात थंडीने आणि उपासमारीने कित्येक मेले. कैद्यांना गुलाम म्हणून विकू नका, असा लेखी अर्ज एलियटने केला. विक्री थांबली नाही.

पुढे ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही. १९९३ मध्ये वाम्पानोआग समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा बोलती करण्याचे काम हाती घेतले. आधाराला एलियटचे बायबल होते. तसेच मूलनिवासींनी स्वतःच्या भाषेत लिहिलेली पत्रे आणि जमिनीचे दस्तऐवजही होते. बेअर्ड यांची मुलगी ती भाषा बोलतच लहानाची मोठी झाली.

माझ्या टिपणवहीत मी ‘एलियटने भाषा वाचवली’ असे लिहिले होते. हे दस्तऐवजांचे वाचल्यावर ते वाक्य खोडले.