फिल्मच्या कारखान्यातली शाई

प्रकाश देणाऱ्या लवचीक प्लास्टिकचा इतिहास सहसा नोबेलच्या वाटेने सांगितला जातो. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडीनच्या साह्याने पॉलिअ‍ॅसिटिलीनमधून वीज खेळवली, १९९० साली केंब्रिजमध्ये पॉलिमर उजळला आणि २००० साली त्या तिघांना नोबेल मिळालं. हे सगळं खरं, पण पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही आणि कशात विरघळतही नाही. त्याची शाई होणं शक्यच नव्हतं. शाई आली ती फोटोग्राफीच्या धंद्यातून. फिल्मचं रीळ वेगाने उलगडताना स्थिर विद्युत साचते, ठिणगी उडते आणि फिल्मवर कायमचा डाग पडतो. यावरचा उपाय बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या पेडॉट या वीजवाहक पॉलिमरमध्ये सापडला. तोही मुळात न विरघळणारा. पण पीएसएस या आम्लधर्मी पॉलिमरच्या जोडीने तो पाण्यात विखुरला आणि अ‍ॅग्फाच्या फिल्मवर पातळ थर होऊन बसला.

१९९८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भरतन आणि यांग यांनी हाच पॉलिमर इंकजेटने छापून विद्यापीठाचं बोधचिन्ह उजळवलं. माझ्या मते हा प्रयोग निर्णायक आहे, कारण प्रकाश देणारा पॉलिमर त्यांनी वर सरसकट पसरला होता. चित्र रेखलं ते खालच्या वाहक थराने. प्रकाश देणारा पॉलिमरही छापायचा तर पुढचा अडथळा रसायनाचा नव्हता, थेंब वाळण्याचा होता. काठाशी द्रव लवकर उडतो, आतला द्रव तिकडे धावतो आणि सगळा ऐवज कडेला कड्यासारखा साचतो. त्यासाठी सावकाश उडणारी द्रावकं मिसळावी लागली, प्रत्येक बिंदूभोवती सूक्ष्म बांध घालावे लागले. एप्सनच्या पायझो तंत्रात शाई तापवावी लागत नाही, स्फटिक आकार बदलून ती ढकलतो. नाजूक पॉलिमरना ते मानवलं, आणि २००४ साली एप्सनने ४० इंची छापील पडदा दाखवला.

यावर कोणी म्हणेल, मग आजच्या फोनचे पडदे निर्वात कक्षात बाष्प बसवून का बनतात, आणि छापील पडदे विकणाऱ्या जेओलेड कंपनीने २०२३ साली दिवाळखोरीपोटी न्यायालयाकडे धाव का घेतली? आक्षेप बिनतोड आहे, पण तो प्रकाश देणाऱ्या थरांपुरता. छापील थरांना, विशेषतः निळ्या रंगात, बाष्पाने बसवलेल्या थरांइतकं आयुष्य लाभलं नाही. थेंब मात्र कारखान्यातून गेला नाही: लवचीक पडद्याला ओलाव्यापासून जपणाऱ्या आवरणातला मधला सेंद्रिय थर आज इंकजेटनेच छापला जातो.