लेण्याद्रीची भिंत आणि १९५८ चा कायदा

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला महाराष्ट्र ओळखतो तो अष्टविनायकातील गिरिजात्मजामुळे. पण देवदर्शनाला जाताना पुरातत्त्व खात्याचे तिकीट का काढावे लागते, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. उत्तर सरळ आहे. हा डोंगर म्हणजे केंद्र सरकारने संरक्षित केलेला बौद्ध लेणीसमूह आहे. सुमारे ३० लेण्यांच्या या रांगेत क्रमांक ६ चे लेणे हे चैत्यगृह आहे. क्रमांक ७, ज्याला आज मंदिर म्हणतात, ते भिक्खूंचे विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेले प्रशस्त दालन, दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीत सहा, अशा त्यात २० खोल्या.

पुढच्या काळात मागच्या ओळीतील मधल्या दोन खोल्यांमधली भिंत फोडली गेली, त्यांचे दार रुंद केले गेले आणि तिथे गाभारा झाला. दालनाच्या भिंतींवर गिलावा चढवून गणेशकथा रंगवल्या गेल्या. एक भिंत गेली आणि वास्तूचा अर्थच बदलला. इतिहास पुसायला प्रत्येक वेळी पुस्तके जाळावी लागत नाहीत. कधी छिन्नी पुरते, तर कधी नुसते नाव बदलले तरी चालते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात, ते याच रीतीने.

लेण्याद्रीतला तो बदल आजच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्यासाठी आज कोणावर खटला होणार नाही, आणि आपली मागणीही ती नाही. प्रश्न आहे पुढच्या बदलांचा.

१९०४ च्या आणि नंतर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने एक रेषा आखली. संरक्षित स्मारकात फोडतोड, बदल, विद्रूपीकरण करणे हा गुन्हा ठरला. २०१० च्या दुरुस्तीने शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी वाढवली. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. त्याच कायद्याचे कलम १६ सांगते की, शासन सांभाळत असलेले स्मारक प्रार्थनास्थळ असेल, तर त्याचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कारणासाठी करता येणार नाही. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे.

म्हणजे ‘जीर्णोद्धार’ या गोड शब्दाखाली लेण्यात फरशी बसवणे, ऑइलपेंट मारणे, लोखंडी जाळ्या ठोकणे ही भक्ती नव्हे, कायदेभंग आहे. १९२३ साली जॉन मार्शल यांनी पुरातत्त्व खात्यासाठी जी संवर्धन-पुस्तिका लिहिली, तिचा गाभाही हाच होता : जुने आहे ते जपा, नवे करून दाखवू नका.

काही जण म्हणतात, पूजा चालू राहिली म्हणूनच लेणी टिकली. मग अजिंठ्याचे काय? १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत ती लेणी शतकानुशतके पूजेविना पडून होती. तरी तिथली चित्रे आजही भगवंतांची कथा सांगतात. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात दगड टिकला, पण तिथे कोण राहत होते याची आठवण टिकली नाही.

या दगडावर किती मोठा पुरावा आहे, हे लक्षात घ्या. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दान देणाऱ्या कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. सुताराचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, दोन हजार वर्षे दगडावर! कष्टकऱ्याला नाव नाकारणाऱ्या व्यवस्थेला याहून मोठे उत्तर कोणते? आणि ते पुसायला चुन्याचा एक हात पुरेसा आहे.

मात्र कायदा दुधारी आहे, हेही आपण समजून घ्यावे. लेण्याच्या भिंतीवर निळ्या रंगात घोषणा लिहिणे, जिथे मूळ मूर्ती नव्हती तिथे परस्पर नवी मूर्ती बसवणे, शिलालेखावर खडू फिरवून फोटो काढणे, हेदेखील स्मारकात केलेले बदलच आहेत. हेतू चांगला असला तरी उद्या त्याच बदलाचा दाखला देऊन दुसरा म्हणेल, ‘त्यांनी केले, मग आम्ही का नको?’ त्या क्षणी आपल्या हातातले कलम बोथट होते.

म्हणून काम ठरवून करू या. आपल्या तालुक्यातील लेण्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नवे बांधकाम दिसले की पुरातत्त्व खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, माहिती अधिकारात पाठपुरावा करा. प्रत्येक लेण्यापाशी ‘हे विहार आहे, हे चैत्यगृह आहे’ असे मराठीत सांगणारा फलक मागा. गणेशचित्रे खरवडा, असे आपण म्हणत नाही. तीही आता इतिहासाचाच एक थर आहेत. पण त्याखालचा थर लपवू नका, एवढे ठामपणे म्हणू या. आणि धम्मलिपी शिका. जो वाचू शकतो, त्याचा वारसा सहजासहजी कोणी बदलू शकत नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले, ते हातात घेऊन लढण्यासाठी. लेण्यांची लढाईही छिन्नीने नव्हे, कलमाने जिंकायची आहे.

जय भीम!