एव्हरेस्ट १९९६ : पुस्तक वाचणाऱ्यांनी कुणाकुणाला दोषी धरलं?

१० मे १९९६ च्या दुपारी एव्हरेस्टच्या माथ्याजवळ वादळ आलं आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मिळून आठ गिर्यारोहकांचा जीव गेला. पाच जण नेपाळकडच्या दक्षिण बाजूला, तिघे तिबेटकडच्या उत्तर बाजूला. उत्तरेकडचे तिघे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे होते. गिर्यारोहणात माणसं जातात यात नवं काही नव्हतं. पण दक्षिणेकडच्या एका तुकडीत एक पत्रकार होता. तो जिवंत परतला आणि त्यानं सगळं लिहून काढलं.

जॉन क्राकाउर हे त्याचं नाव. पैसे भरून एव्हरेस्टवर नेणाऱ्या मोहिमांबद्दल लिहायला 'आउटसाइड' या अमेरिकी मासिकानं त्याला पाठवलं होतं. त्याचा लांबलचक लेख सप्टेंबर १९९६ च्या अंकात आला, आणि 'इन्टू थिन एअर' हे पुस्तक १९९७ मध्ये. पुस्तक जगभर खपलं. पण वाचकांनी ते वाचून कपाटात ठेवलं नाही, त्यावरून न्यायनिवाडा सुरू केला. जवळपास तीस वर्षं झाली, तो अजून थांबलेला नाही.

आधी घटना थोडक्यात. न्यूझीलंडचा रॉब हॉल आणि अमेरिकेचा स्कॉट फिशर यांच्या दोन व्यावसायिक तुकड्या एकाच दिवशी शिखराकडे निघाल्या. हॉलची फी माणशी ६५,००० डॉलर होती. वर दोर आधी लावून ठेवायचे होते, ते लावले गेले नव्हते. अरुंद जागी रांग लागली, तास वाया गेले. दुपारी दोनपर्यंत माथा गाठला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हा नियम कुणी काटेकोर पाळला नाही. डग हॅन्सन या सदस्याला हॉलनं आदल्या वर्षी माथ्याच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. या वेळी तो चार वाजून गेल्यावर वर पोचला आणि हॉल त्याच्यासाठी थांबला. दोघेही परतले नाहीत. अँडी हॅरिस हा हॉलचा सहायक, ४७ वर्षांची जपानी गिर्यारोहक यासुको नाम्बा आणि खुद्द स्कॉट फिशर हेही गेले. हॉलनं वरूनच रेडिओ आणि उपग्रह फोन जोडून घरी गरोदर पत्नीशी शेवटचं बोलणं केलं. तो भाग वाचताना डोळे भरून आले नाहीत असा वाचक विरळाच.

पहिला राग लेखकावरच

लेख छापून आल्याबरोबर मासिकाकडे पत्रांचा ढीग लागला. कौतुक होतंच, पण संतापही भरपूर. स्कॉट फिशरच्या बहिणीनं लिहिलेल्या पत्राचा रोख असा होता की मोहिमेतल्या प्रत्येकाच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं, हे या माणसाला कसं काय कळलं? फ्लोरिडातल्या एका वकिलाचं पत्र त्याहून कडक. माणसं मरत असताना तंबूत पडून राहिल्याचं क्राकाउरनं स्वतःच लिहिलं होतं, त्यालाच धरून हा माणूस स्वतःला तोंड कसं दाखवतो, असं त्यानं विचारलं. क्राकाउरनं ही दोन्ही पत्रं पुस्तकाच्या शेवटी छापली. स्वतःवरच्या शिव्या स्वतःच्याच पुस्तकात छापणारे लेखक फार नसतात, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

त्याची एक चूक तर खरोखरच जिव्हारी लागणारी होती. अँडी हॅरिसला आपण छावणीजवळ पोचलेलं पाहिलं, नंतर तो कड्यावरून खाली गेला असावा, असं तो सुरुवातीला छातीठोकपणे सांगत होता. हॅरिसच्या घरच्यांनाही तेच कळलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या तुकडीतल्या मार्टिन ॲडम्सशी फोनवर बोलताना उलगडा झाला की वादळात भेटलेला माणूस हॅरिस नव्हताच, तो ॲडम्स होता. हॅरिस उलट हॉलला मदत करायला वर परत गेला होता. माथ्यावर ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. मेंदू धड चालत नाही, शेजारच्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही. हे कळल्यावर अनेक वाचकांच्या मनात आलं ते साहजिकच होतं : इथे चुकला, तर बाकीचं कशावरून बरोबर?

बुक्रेयेव्ह : एका बाजूला दोषी, दुसऱ्या बाजूला वीर

सर्वात मोठं भांडण झालं ते अनातोली बुक्रेयेव्हवरून. कझाकस्तानचा हा कसलेला गिर्यारोहक फिशरच्या तुकडीचा मार्गदर्शक होता. तो कृत्रिम ऑक्सिजन न वापरता चढला आणि आपल्या सदस्यांच्या आधी खाली उतरला. मार्गदर्शकानं असं करणं चूक, असं क्राकाउरचं म्हणणं. पण त्याच रात्री, बाकी कुणी तंबूबाहेर पडायला तयार नसताना, हाच बुक्रेयेव्ह एकटा वादळात गेला आणि फिशरच्या तुकडीतल्या तिघांना वाचवलं. त्या तुकडीत फिशर सोडून कुणीही दगावलं नाही.

वाचक इथे सरळ दोन गटांत वाटले गेले. गेलन रोवेल या नामांकित गिर्यारोहक-छायाचित्रकारानं 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये बुक्रेयेव्हची बाजू घेतली. बुक्रेयेव्हनंही १९९७ मध्येच वेस्टन डीवॉल्टच्या साथीनं 'द क्लाइम्ब' हे पुस्तक काढलं. आपण लवकर उतरलो ते फिशरच्या संमतीनं, गरज पडल्यास मदतीला वर येता यावं म्हणून, असं त्यात आहे. क्राकाउरला ते पटलं नाही. ६ डिसेंबर १९९७ ला अमेरिकन अल्पाइन क्लबनं बुक्रेयेव्हला शौर्याबद्दल पुरस्कार दिला, आणि २५ डिसेंबरला अन्नपूर्णेवर हिमकडा कोसळून तो गेला. पुढे दोन्ही पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत उत्तर-प्रत्युत्तरं चालू राहिली, पण तोवर एक पक्ष बोलायला उरला नव्हता.

या भांडणात एक गोष्ट मागे पडली. त्याच मोकळ्या बर्फात यासुको नाम्बाही पडली होती. ती हॉलच्या तुकडीतली. तिच्यापर्यंत मदत पोचली नाही. पुढच्या वर्षी बुक्रेयेव्ह पुन्हा तिथे गेला तेव्हा त्यानं तिच्या देहावर दगड रचले.

सँडी पिटमन या न्यूयॉर्कच्या श्रीमंत बाईंवरही लोकांनी तोंडसुख घेतलं. लोपसांग जांगबू या शेर्पा सरदारानं तिला आखूड दोरानं ओढत वर नेलं, हे वाचून अनेकांनी सगळ्या दुर्घटनेचं खापर तिच्या माथी फोडलं. हे अन्यायाचंच होतं. उशीर अनेकांमुळे झाला, आणि तिथे पैसे भरून गेलेली ती एकटी नव्हती. लोपसांगवरही टीका झाली. पण पुस्तक बाजारात येण्याआधीच, सप्टेंबर १९९६ मध्ये, तो एव्हरेस्टवरच हिमस्खलनात गेला होता.

उत्तरेकडचे तिघे

आता आपल्या तिघांकडे. सुभेदार त्सेवांग समानला, लान्स नायक दोर्जे मोरूप आणि हेड कॉन्स्टेबल त्सेवांग पालजोर. सोबतचे तिघे मागे फिरले, हे पुढे गेले. माथा गाठल्याचं त्यांनी रेडिओवर कळवलं. ते खरोखर अगदी वर पोचले होते का, यावर मतभेद आहेत. दुसऱ्या दिवशी जपानच्या फुकुओका मोहिमेचे गिर्यारोहक त्याच वाटेनं माथ्यावर जाऊन परतले. मरणाऱ्यांना ओलांडून गेले, असा आरोप झाला आणि ब्रिटिश वर्तमानपत्रात बातमी आली. आठ हजार मीटरवर नीतिमत्ता परवडत नाही, अशा अर्थाचं एका जपानी गिर्यारोहकाच्या तोंडचं विधान जगभर फिरलं. क्राकाउरच्या पुस्तकातही हा प्रसंग आहे. तो मात्र डोंगराच्या दुसऱ्या बाजूला होता, त्यानं यातलं काही पाहिलं नव्हतं.

पुढचा भाग फार जणांना ठाऊक नाही. ते भारतीय अडचणीत आहेत हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असं फुकुओकाच्या मंडळींनी जपानला परतल्यावर स्पष्ट केलं. आधी आरोप करणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांनी नंतर आपलं म्हणणं मागे घेतलं. जपान्यांनी मदत नाकारली नव्हती हे सीमा पोलीस दलानंही मान्य केलं. पण आरोप पुस्तकातून लाखोंच्या हाती गेला. खुलासा तेवढा फिरला नाही. आजही एव्हरेस्टचा विषय निघाला की 'ते जपानी ओलांडून गेले' हे कुणीतरी म्हणतंच.

दक्षिणेकडे मेलेल्या प्रत्येकाची बायको, आई, आदल्या वर्षीचं अपयश आपल्याला पानापानांतून माहीत होतं. या तिघांबद्दल इंग्रजी वाचकाला कळतं ते जेमतेम काही पानांत. 

उत्तर वाटेवर साधारण ८,५०० मीटरवर एक कपार आहे. तिथे हिरवे बूट घातलेला एक देह पुढे अनेक वर्षं दिसत राहिला. येणारे-जाणारे त्याला 'ग्रीन बूट्स' म्हणू लागले आणि वाटेची खूण म्हणून वापरू लागले. २००६ मध्ये डेव्हिड शार्प हा ब्रिटिश गिर्यारोहक त्याच कपारीत मरणाच्या दारात असताना कित्येक जण शेजारून गेले, आणि तीच चर्चा पुन्हा पेटली. एडमंड हिलरीनंही जाहीर नाराजी व्यक्त केली. 'ग्रीन बूट्स' म्हणजे लडाखचा त्सेवांग पालजोर, असं बहुतेक जण धरून चालतात. त्याच मोहिमेतले पी. एम. दास यांनी १९९७ च्या 'हिमालयन जर्नल'मध्ये जे लिहिलं, त्यावरून तो दोर्जे मोरूप असण्याची शक्यता जास्त वाटते.