औषधी गांजा: चंद्रपूर-गडचिरोलीत कायदा काय सांगतो?

दुर्धर आजाराच्या वेदनेवर गांजाचा उपयोग होतो, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. मग रुग्णासाठी परसात एखादं झाड लावलं तर चालतं का? नाही. भारतात औषधी गांजासाठी वेगळा कायदाच नाही. 1985 चा एनडीपीएस कायदा अमली पदार्थांवर बंदी घालतो आणि वैद्यकीय, वैज्ञानिक वापरासाठी सरकारी परवानगीची वाट ठेवतो.

पान वेगळं, फुल वेगळं

या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. चरस म्हणजे त्याचा चीक. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून भांग होते. पण म्हणून ती मोकळी नाही. तिच्यावर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार राज्याचं नियंत्रण आहे.

शिक्षा किती?

परवान्याशिवाय एक झाड लावणं हाही गुन्हा आहे. लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 1 किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो. त्यासाठी 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोपेक्षा जास्त असेल तर किमान 10 वर्षं. डॉक्टरची चिठ्ठी हा गांजा बाळगण्याचा परवाना नाही.

पूर्वी काय होतं?

ब्रिटिश काळात आजचे हे दोन्ही जिल्हे चांदा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात होते. प्रांतातली गांजाची शेती खांडव्याजवळ सरकारी देखरेखीखाली चाले आणि विक्री परवानाधारक दुकानांतून होई. 1893-94 च्या आयोगानेही सरसकट बंदी नको, असं सांगितलं होतं. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर दिशा बदलली.

दारूबंदीशी संबंध आहे का?

नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. हे निर्णय राज्याचे होते. एनडीपीएस हा केंद्राचा कायदा असल्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत सारखाच लागू होतो. मात्र त्याच कायद्याच्या कलम 10 नुसार राज्य सरकार नियम करून लागवडीला परवानगी देऊ शकतं. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी सध्या अशी योजना नाही.

रुग्णाने काय करावं?

आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. परवानाधारक कंपन्या तिच्या पानांपासून औषधं बनवतात. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना लागते. परवाना क्रमांक नसलेलं 'गांजाचं तेल' घेऊ नये.

कॅन्सरसारख्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन हे मान्यताप्राप्त औषध आहे. 2014 च्या दुरुस्तीने ते मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवणं सोपं केलं. त्याबद्दल डॉक्टरांना विचारता येतं.

व्यसन जडलेल्यांसाठीही वाट आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेली, तर कलम 64-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पूर्ण करणं मात्र आवश्यक असतं.