इलेक्ट्रिक कार अचानक बंद? घाबरू नका, आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा

तालुक्याच्या रस्त्यांवर आता इलेक्ट्रिक कार चांगल्याच दिसू लागल्या आहेत. कुणी घरासाठी घेतली, कुणी भाड्याने चालवतो. पण एक प्रकार असा घडतो की मालकाच्या काळजात धस्स होतं. रात्री ७०-८० टक्के चार्ज दाखवणारी गाडी सकाळी चावीच्या बटणाला दाद देत नाही. स्क्रीन काळी, दार लॉक, चार्जर लावला तर तोही चालू होत नाही. मग पारावर चर्चा सुरू होते, "बॅटरी गेली, आता लाखांचा खर्च."

थांबा. अनेकदा गेलेली असते ती लाखांची बॅटरी नव्हे, तर काही हजारांची छोटी १२ व्होल्टची बॅटरी. आणि तीसुद्धा बऱ्याच वेळा खराब झालेली नसते, नुसती उतरलेली असते. योग्य पद्धतीने दहा-पंधरा मिनिटांत गाडी सुरू होऊ शकते. चुकीच्या पद्धतीने मात्र दहा मिनिटांत खरोखरच मोठा खर्च लागू शकतो. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि सेव्ह करून ठेवा.

एका गाडीत दोन बॅटऱ्या कशाला?

इलेक्ट्रिक कारमध्ये सीटखाली, तळाला मोठी बॅटरी असते. बहुतेक कारमध्ये ती ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाची असते. चाकं फिरवणारी मोटार आणि एसी तिच्यावर चालतात.

दुसरी छोटी बॅटरी १२ व्होल्टची, साध्या कारमध्ये असते तशीच. दाराचं लॉक, दिवे, वायपर, हॉर्न, स्क्रीन आणि गाडीतले सगळे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीचा करंट मोटारीकडे सोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, तेही हीच छोटी बॅटरी ओढते.

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. विहिरीला पाणी भरपूर आहे, मोटारही नवी आहे, पण स्टार्टर पेटीतली कॉइल कॉन्टॅक्टर ओढत नाही. मग पाणी येईल का? तसंच इथे. मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्ट नसेल तर कॉन्टॅक्टर बसत नाही आणि गाडी जागी होत नाही. चार्जर लावूनही उपयोग होत नाही, कारण चार्जिंग सुरू करणारा कॉम्प्युटरच झोपलेला असतो.

डिझेल गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर भरतो. इलेक्ट्रिक कारमध्ये ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. तो मोठ्या बॅटरीतून करंट घेतो आणि १२ व्होल्टची बॅटरी भरतो. हे काम प्रामुख्याने दोन वेळा होतं, गाडी 'रेडी' अवस्थेत असताना आणि चार्जिंगला लावलेली असताना.

छोटी बॅटरी उतरली हे कसं ओळखायचं?

- चावीच्या बटणाने दार उघडत नाही, किंवा फार हळू उघडतं.
- स्क्रीन लुकलुकते, एकदम सात-आठ वॉर्निंग दिवे लागतात.
- ब्रेक दाबून स्टार्ट बटण दाबलं तरी 'रेडी' येत नाही.
- हॉर्न बसका वाजतो, आतला दिवा मंद लागतो.
- चार्जिंग गन लावली तरी कसलाच प्रतिसाद नाही.

खात्री करायची तर गावातल्या वायरमनकडे मल्टिमीटर असतोच. डीसी व्होल्टवर ठेवून छोट्या बॅटरीच्या प्लस-मायनसला लावा. गाडी बंद असताना १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. हे आकडे पाण्याच्या आणि सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचे आहेत.

एक गोष्ट आधी पाहा: चावीतला सेल संपला असेल तरीही दार उघडत नाही. पण तेव्हा आतले दिवे आणि हॉर्न व्यवस्थित चालतात.

आधी माणूस, मग गाडी

घरात कुणाला छातीत दुखतंय, साप चावलाय किंवा बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यात, आणि गाडी उघडत नाही. अशा वेळी केबल शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. शेजारची गाडी मिळाली तर ती घ्या. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर १०३३ आणि कुठेही धोका वाटला तर ११२. गाडी नंतर पाहता येते.

दार आणि बॉनेट कसं उघडायचं?

बहुतेक रिमोट चावीच्या आत एक साधी धातूची चावी लपवलेली असते. बाजूची छोटी कळ दाबली की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला कुलपाचं छिद्र असतं, काही गाड्यांत ते हँडलच्या झाकणाखाली असतं. आत बसल्यावर स्टिअरिंगखाली बॉनेटचा खटका असतो. तो केबलने ओढला जातो, त्याला करंट लागत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये छोटी बॅटरी बॉनेटखालीच असते. काही मॉडेलमध्ये ती डिकीत असते. आपल्या गाडीत कुठे आहे हे गाडी चालू असतानाच एकदा पाहून ठेवा. कंपनीच्या मॅन्युअलची पीडीएफही मोबाइलमध्ये डाउनलोड करा. रानात रेंज नसते, तेव्हा ती कामाला येते.

जंप केबलने गाडी जागी करायची पद्धत

आधी मॅन्युअलचं ते पान वाचा. तुमच्या मॉडेलला वेगळी सूचना असेल तर तीच पाळा. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करणं सगळ्यात चांगलं. मदत पोचायला वेळ लागणार असेल तर ही सर्वसाधारण पद्धत:

१. मदतीला येणारी बॅटरी १२ व्होल्टचीच हवी. साधी पेट्रोल-डिझेल कार चालते. बहुतेक ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टची असते, तरी लेबल वाचाच. घरातल्या इन्व्हर्टरची पाण्याची एक बॅटरीही चालते, पण आधी तिच्या इन्व्हर्टरच्या वायरी सोडवा.

२. हातातली अंगठी, कडं, बांगडी काढून ठेवा. जवळ विडी-सिगारेट नको. लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो.

३. बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा गळत असेल तर इथेच थांबा. जंप करू नका.

४. दोन्ही गाड्या बंद, दिवे-एसी बंद. चार्जिंग गन काढलेली. गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत.

५. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.

६. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. दुसरं टोक उतरलेल्या बॅटरीवर नको. ते इलेक्ट्रिक कारच्या बॉडीच्या रंग नसलेल्या धातूला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या अर्थ पॉइंटला, बॅटरीपासून थोडं लांब लावा.

७. पाच मिनिटं थांबा. मग इलेक्ट्रिक कारमध्ये ब्रेक दाबून स्टार्ट बटण दाबा. 'रेडी' आलं की काम झालं.

८. केबल उलट क्रमाने काढा. आधी बॉडीचं काळं टोक, मग चांगल्या बॅटरीचं काळं, मग चांगल्या बॅटरीचं लाल, शेवटी आपल्या गाडीचं लाल.

इलेक्ट्रिक कारला सेल्फ मारावा लागत नाही. फक्त कॉम्प्युटर जागे करून कॉन्टॅक्टर ओढायचा असतो. त्यामुळे खूप मोठा करंट लागत नाही आणि मदतीच्या गाडीचं इंजिन बंद ठेवूनही बहुतेक वेळा काम भागतं. म्हणूनच बाजारात मिळणारा खिशाएवढा १२ व्होल्टचा जंप स्टार्टरही इथे पुरतो. तो मात्र दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करून ठेवा. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेने हे होत नाही.

हे अजिबात करू नका

- ट्रक किंवा एसटीची बॅटरी लावू नका. मोठ्या वाहनांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. दुप्पट व्होल्ट गेले तर गाडीतले कॉम्प्युटर जळू शकतात.
- प्लस-मायनस उलट करू नका. अंधारात तर दोनदा टॉर्च मारून बघा.
- धक्का मारू नका. धक्का स्टार्ट हा प्रकार इलेक्ट्रिक कारमध्ये नाही.
- ट्रॅक्टरला दोरी लावून टोचन करू नका. मोटार चाकांना कायम जोडलेली असते. चाकं जमिनीवर फिरली की मोटार जनरेटरसारखी वीज तयार करते आणि आतले भाग बिघडू शकतात. शिवाय १२ व्होल्ट नसताना पार्किंग लॉकही सुटत नाही. गाडी न्यायचीच तर चारही चाकं वर असणाऱ्या फ्लॅटबेडवर न्या.
- नारिंगी केबलला हात लावू नका. बॉनेटखाली दिसणाऱ्या जाड नारिंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या असतात. तो दाब जीवघेणा आहे. त्या उघडणं हे प्रशिक्षित मेकॅनिकचंच काम.
- आपली इलेक्ट्रिक कार दुसऱ्याची डिझेल गाडी सुरू करायला देऊ नका. डिझेलचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. आपली छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेले नाहीत. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये याला मनाई आहे.

गाडी सुरू झाली, आता?

लगेच बंद करू नका. निदान तासभर चालवा, किंवा पार्कमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून 'रेडी' अवस्थेत राहू द्या. गाडीत जाणतं माणूस बसलेलं असू द्या, लहान मुलांना स्टिअरिंगजवळ सोडू नका. घरी पोचल्यावर चार्जिंगला लावा, म्हणजे छोटीही भरेल.

या वेळी पुन्हा मल्टिमीटर लावून बघा. 'रेडी' असताना छोट्या बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. बारा-साडेबाराच दिसत राहिले तर बॅटरी भरलीच जात नाही, म्हणजे दोष कन्व्हर्टरच्या बाजूला आहे. तेव्हा नवी छोटी बॅटरी घेऊन पैसे वाया घालवू नका, सर्व्हिस सेंटर गाठा.

याचं उदाहरण म्हणजे २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ आणि कियाने ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. चार्जिंग सांभाळणाऱ्या आयसीसीयू या भागातल्या दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याची शक्यता होती. अशी दुरुस्ती कंपनी मोफत करते. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर शोरूममध्ये चेसिस नंबर देऊन अशी दुरुस्ती बाकी आहे का, ते जरूर विचारा.

छोटी बॅटरी उतरते कशाने?

'रेडी' न करता गाडीत बसणं. लग्नात गाडी उभी करून मुलं गाणी लावून बसतात. नुसतं बटण दाबून स्क्रीन चालू केली, 'रेडी' नाही, तर बऱ्याच गाड्यांत सगळा भार छोट्या बॅटरीवर येतो.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणं. बंद गाडीतही अलार्म आणि मोबाइल अॅपशी जोडलेलं सिमचं यंत्र थोडा थोडा करंट घेत राहतं.

बाहेरून बसवलेल्या वस्तू. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, जादा दिवे, मोठं साउंड सिस्टिम. वायर थेट बॅटरीवरून घेतली असेल तर ते रात्रभर चालू राहतात.

वय आणि ऊन. ही बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भर उन्हात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीची लवकर जाते.

सैल टर्मिनल. खड्ड्यांच्या रस्त्याने नट ढिले होतात, टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी धरते. सर्व्हिसिंगच्या वेळी हे साफ करायला सांगा.

बॅटरी बदलायची वेळ आली तर

महिन्यात दोन-तीनदा उतरली आणि कन्व्हर्टर ठीक असेल, तर बॅटरी म्हातारी झाली समजा. जुन्या बॅटरीवरचं लेबल फोटो काढून दुकानात न्या. व्होल्ट, एएच, प्रकार, आकार आणि प्लस कोणत्या बाजूला हे सगळं जुळलं पाहिजे. काही नव्या गाड्यांत ही बॅटरी लिथियमची असते. तिथे लेड-अॅसिड बॅटरी किंवा तिचा चार्जर चालत नाही.

बदलताना गाडी पूर्ण बंद, चार्जिंग गन काढलेली आणि चावी गाडीबाहेर असू द्या. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. वॉरंटी चालू असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करा आणि पावती घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात शिसं आणि अॅसिड असतं. दुकानदार ती परत घेतो आणि किंमतही वजा करून देतो.

गाडीत कायम ठेवा

- जाड तारेची जंप केबल किंवा चार्ज केलेला जंप स्टार्टर
- १० नंबरचा पाना, टॉर्च, रबरी हातमोजे
- रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, कागदावर लिहिलेला
- विमा पॉलिसीची प्रत, त्यात रोडसाइड मदत आहे का ते आधीच बघून

गाडी बरेच दिवस वापरायची नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी' करून ठेवा किंवा एक फेरी मारा. चार्जरला नुसती लावून ठेवली तर मोठी बॅटरी भरल्यावर काही मॉडेलमध्ये छोटीचं चार्जिंगही थांबतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः गाडी चालवणाऱ्या मुला-मुलींना, लपलेली चावी आणि छोटी बॅटरी कुठे आहे ते आजच दाखवा.