प्रक्रियेच्या स्मृतीचा वारसा

संगणकात चालू असलेल्या प्रोग्रॅमला 'प्रोसेस' अर्थात प्रक्रिया म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली पायाभरणी केलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत नवी प्रक्रिया 'फोर्क' या आज्ञेने जन्माला येते. आज्ञा मिळताच कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत तयार करतो. मूळ प्रक्रिया जनक, तर प्रत हे तिचे अपत्य. जनकाच्या स्मृतीतील सर्व काही अपत्याला वारशाने मिळते. लिनक्समध्येही हीच रीत आहे. अँड्रॉइड फोनमधील अ‍ॅप्सही 'झायगोट' या प्रक्रियेपासून अशीच जन्मतात. विंडोजमध्ये मात्र नवी प्रक्रिया कोऱ्या पाटीने सुरू होते.

सुरुवातीला संपूर्ण स्मृतीची खरोखरच नक्कल केली जाई. त्यात वेळ आणि जागा वाया जात असे. कारण बहुतेक अपत्ये लगेच दुसरा प्रोग्रॅम सुरू करून मिळालेला वारसा टाकून देत. यावरचा तोडगा म्हणजे 'कॉपी-ऑन-राइट'. स्मृती सामान्यतः ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते. फोर्कनंतर जनक व अपत्य तीच पाने वाचतात. दोघांपैकी एकाने एखाद्या पानावर लिहू पाहिले, की कर्नल तेवढ्याच पानाची प्रत करतो. ही यंत्रणा नाजूक आहे. २००७ पासून लिनक्समध्ये दडून राहिलेला 'डर्टी काऊ' हा तिच्यातील दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाला. त्याचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्ताही यंत्राचे सर्वाधिकार मिळवू शकत असे.

तथापि, प्रत्येक वारसा हितकारक नसतो. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी यादृच्छिक अंक लागतात. ते निर्माण करणाऱ्या यंत्रणेची अवस्था स्मृतीत असते. तिची प्रत झाली, की जनक व अपत्य दोघेही तेच अंक देऊ लागतात आणि गुप्ततेचा पायाच ढासळतो. प्रक्रियेचा क्रमांक बदलला का, हे तपासून काही ग्रंथालये फोर्क ओळखत. परंतु क्रमांक पुन्हा वापरले जातात. २०१४ साली 'लिबरएसएसएल'च्या लिनक्सवरील आवृत्तीत नेमकी हीच उणीव आढळली. आजोबांचा क्रमांक नातवाला मिळाल्यास दोघांचे अंक एकसारखे निघू शकत होते.

म्हणूनच वारशावर नियंत्रण हवे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या 'माक' या कर्नलने स्मृतीच्या प्रत्येक भागासाठी तीन पर्याय दिले: सामायिक ठेवणे, प्रत देणे किंवा काहीच न देणे. बीएसडी प्रणालींत 'मिनहेरिट' ही आज्ञा तेच काम करते. 'ओपनबीएसडी'ने २०१४ मध्ये तिला चौथा पर्याय जोडला: अपत्याला तो भाग मिळावा, पण शून्यांनी भरलेला.

लिनक्समध्ये हे काम 'एम-अ‍ॅडव्हाइज' या आज्ञेकडे आहे. २००६ साली तिच्यात 'डोन्टफोर्क' हा पर्याय आला. त्याने वगळलेल्या भागाला अपत्याने हात लावल्यास कर्नल त्याला चूक म्हणून थांबवतो. हार्डवेअर थेट ज्या पानांवर लिहिते, त्यांच्यासाठी तो उपयुक्त ठरतो. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत 'वाइपऑनफोर्क' आला. अपत्याला त्या जागी शून्ये दिसतात. त्यावरून आपण नव्या प्रक्रियेत आहोत हे अंकनिर्मिती यंत्रणा ओळखते आणि नवे बीज घेते. क्रमांकाच्या भरवशावर राहण्याची गरज त्यामुळे उरत नाही.